घरावरची जप्ती आणि गावाची एकजूट
(पाचगणी येथील व्याख्यानाचा मजकूर)



पाचगणी म्हटले की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांसमोर टेबल लँडचे विस्तीर्ण पठार, निवासी शाळा आणि स्ट्रॉबेरीचे मळे उभे राहतात. या शाळांच्या भटारखान्यांत राबणारे, हॉटेलांतील खोल्या झाडणारे, पठारावर घोडे फिरविणारे आणि मळ्यांत फळे तोडणारे हात त्या चित्रात क्वचितच दिसतात. या हातांनी आयुष्यभराच्या कष्टांतून दोन खोल्यांचे घर उभारलेले असते. ते घर कर्जापायी जाण्याची वेळ आली तर शेजाऱ्यांनी आणि गावाने काय करावे, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

या भागातील श्रमिकांची मिळकत हंगामी आहे. स्ट्रॉबेरीची तोडणी हिवाळ्यात सुरू होऊन उन्हाळ्यापर्यंत चालते. पर्यटक सुट्ट्यांत येतात, आणि धुवाधार पावसाच्या महिन्यांत रोजगार रोडावतो. कर्जाचा हप्ता मात्र बारमाही असतो. मिळकतीचे आणि हप्त्याचे वेळापत्रक जुळत नाही, यातच पुष्कळशा थकबाकीचे मूळ आहे. २०२० साली टाळेबंदीमुळे शाळा बंद झाल्या आणि उन्हाळ्याचा हंगाम बुडाला. रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट या सहा महिन्यांचे हप्ते लांबणीवर टाकण्याची मुभा दिली, परंतु त्या काळातील व्याज चालूच राहिले. हप्ता पुढे गेला म्हणजे कर्ज माफ झाले, अशी ज्यांची समजूत झाली, त्यांना पुढे मोठ्या बोजाला तोंड द्यावे लागले.

घरावरील जप्तीचा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. १८७४ च्या डिसेंबरात पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात करडे या गावी काळूराम नावाच्या सावकाराने अवघ्या दीडशे रुपयांच्या कर्जापोटी बाबासाहेब देशमुख यांच्यावर हुकूमनामा मिळविला आणि त्यांचे घर पाडले. या घटनेने गावकरी खवळून उठले. त्यांनी आरंभी शस्त्र उचलले नाही, तर सावकारांवर बहिष्कार घातला. त्यांचे शेत कसायचे नाही, त्यांचे पाणी भरायचे नाही, न्हाव्याने त्यांची हजामत करायची नाही, असे ठरले. बहिष्काराचे हे लोण गावोगाव पसरले. पुढे १२ मे १८७५ रोजी सुपे येथे जमाव सावकारांवर चालून गेला आणि त्यांच्या वह्या व कर्जरोखे जाळण्यात आले. त्याच वर्षी तत्कालीन सातारा जिल्ह्यातील आणि आज सांगली जिल्ह्यात मोडणाऱ्या कुकरूड गावीही दंगल उद्भवली.

दंगलीचा मार्ग अवलंबणाऱ्यांपैकी शेकडो लोकांना अटक झाली. परंतु असंतोषाचे कारण खरे होते, हे सरकारला मान्य करावे लागले. चौकशीसाठी आयोग नेमला गेला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना तो प्रथम लागू झाला. कर्जरोख्यावरील आकड्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा आणि हप्ते बांधून देण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला. कर्जापायी तुरुंगात टाकण्याची पद्धत त्या शेतकऱ्यांपुरती बंद झाली. दरम्यानच्या काळात, मूळचे साताऱ्याचे गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका, यांच्या पुढाकाराने पुणे सार्वजनिक सभेने लवाद न्यायालयांचा प्रयोग केला. तंटा गावातच, कमी खर्चात आणि समजुतीने मिटावा, हा त्यामागील हेतू होता.

अशी एकजूट अन्य देशांतही दिसून आली आहे. १९३० नंतरच्या महामंदीत अमेरिकेतील आयोवा व आसपासच्या राज्यांत शेतकऱ्यांची शेते व अवजारे लिलावात निघू लागली. तेव्हा शेजारी लिलावाच्या जागी एकत्र जमत, काही पैशांचीच बोली लावत आणि विकत घेतलेली वस्तू मूळ मालकाला परत करीत. या दडपणामुळे १९३३ साली मिनेसोटासारख्या राज्यांना गहाणवटीच्या वसुलीस मुदतवाढ देणारे कायदे करावे लागले. एकटा कर्जदार लाजेने घरात बसतो. दहा शेजारी त्याच्यासोबत उभे राहिले, तर त्याचे म्हणणे ऐकले जाते. करडे आणि आयोवा या दोन्ही ठिकाणचा अनुभव असा एकच आहे.

आजचा कायदा कर्जदाराला काही हक्क देतो, मात्र ते मुदतीत वापरावे लागतात. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार शेतकऱ्याचे, मजुराचे किंवा घरकामगाराचे राहते घर साध्या हुकूमनाम्यापोटी जप्त करता येत नाही. तेच घर स्वतःच्या सहीने गहाण ठेवले, तर गहाणाच्या कर्जापुरते हे संरक्षण उरत नाही. म्हणून सही करण्यापूर्वीच विचार व्हावा.

बँकांना २००२ च्या सरफेसी कायद्याने न्यायालयात न जाता तारण ताब्यात घेण्याचा अधिकार दिला आहे. २०२० च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने तो सहकारी बँकांनाही लागू असल्याचा निर्णय दिला. हप्ता नव्वद दिवसांहून अधिक थकला की खाते अनुत्पादक ठरते. त्यानंतर बँकेला साठ दिवसांची नोटीस द्यावी लागते. या मुदतीत कर्जदाराने लेखी हरकत घेतली, तर पंधरा दिवसांच्या आत तिला सकारण उत्तर देणे बँकेवर बंधनकारक आहे. ताब्याच्या कारवाईविरुद्ध पंचेचाळीस दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जाता येते. लिलावाच्या दिवशी पैसे भरून घर सोडवू, या भरवशावर मात्र कोणी राहू नये. २०१६ च्या दुरुस्तीनंतर लिलावाची नोटीस प्रसिद्ध होण्यापूर्वीच संपूर्ण थकबाकी भरणे आवश्यक झाले आहे.

पतसंस्थेच्या कर्जाची वाट वेगळी आहे. तेथे सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली निबंधकांकडून वसुलीचा दाखला घेतला जातो. त्या सुनावणीची नोटीस आली की हजर राहून हिशेब मागितला पाहिजे. दाखला निघाल्यानंतर फेरतपासणी मागायची झाल्यास निम्मी रक्कम आधी भरावी लागते, आणि गरिबाला ते जमत नाही. खाजगी सावकाराने कर्जापोटी खरेदीखत करून घर वा जमीन घेतली असेल, तर २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यानुसार जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. व्यवहार पंधरा वर्षांच्या आतील असेल आणि तो सावकारीचाच असल्याचे सिद्ध झाले, तर मालमत्ता परत देण्याचा आदेश होऊ शकतो. परवान्याविना सावकारी करणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

या तरतुदी कागदावरून घरापर्यंत पोहोचविणे हे संघटनेचे काम होय. प्रत्येक वाडीत वा प्रभागात पाच-सात जाणत्या स्त्री-पुरुषांची समिती असावी. नोटीस आलेल्या कुटुंबाने ती फळीवर ठेवून न देता त्याच दिवशी समितीला दाखवावी. समितीने नोटिशीची तारीख टिपावी, खातेउतारा मागवावा, दंड व व्याज पडताळावे आणि कर्जदारासोबत शाखेत जावे. हंगामानुसार हप्ते बांधून मिळावेत अशी लेखी मागणी करावी आणि तिची पोच घ्यावी. विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींना आणि अल्प उत्पन्न गटाला वकिलाचे साहाय्य विनामूल्य मिळते. लोकअदालतीत तडजोडीचा मार्गही खुला असतो.

या कामात महिला बचत गटांचे स्थान अग्रभागी आहे. सातारा जिल्ह्यातीलच म्हसवड येथे १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. रस्त्याकडेला लोहारकाम करणाऱ्या एका भगिनीला पावसाळ्यापूर्वी घरावर प्लास्टिकचा कागद घालण्यासाठी पैसे साठवायचे होते आणि कोणतीही बँक तिचे खाते उघडत नव्हती, ही त्या बँकेच्या जन्मामागील हकीकत सर्वश्रुत आहे. डोक्यावरचे छप्पर हाच तेथील आरंभबिंदू होता. 'घर दोघांचे' या धोरणाने पत्नीचे नाव घराच्या उताऱ्यावर लावण्यास चालना मिळाली आहे. असे नाव लागले की तिच्या संमतीशिवाय संपूर्ण घर गहाण पडत नाही. हे संरक्षण जप्तीच्या कितीतरी आधी कामी येते.

संघटना म्हणजे कर्ज बुडविण्याचा परवाना नव्हे. पतसंस्थेतील ठेव ही बहुधा दुसऱ्या गरिबाचीच पुंजी असते. घेतलेले कर्ज फेडावयाचे, पण झेपेल त्या गतीने आणि खऱ्या हिशेबाने, अशी भूमिका असेल तरच शाखाधिकारी आणि सहकार खाते समितीचे म्हणणे गांभीर्याने घेतील. दीडशे वर्षांपूर्वी करडे गावाने एका घरासाठी एकजूट केली, परंतु ती घर पडल्यानंतर. पाचगणीच्या वाड्यावस्त्यांनी ती नोटिशीच्या पहिल्या दिवशीच करावी. तेव्हा घर वाचविण्यासाठी साठ दिवस हाती असतात.