पत्त्यातली किल्ली

संकेतस्थळाच्या यंत्राला मूळची आठवण नसते. आपली प्रत्येक मागणी त्याला नव्या पाहुण्यासारखी. म्हणून ते आपणांस एक खूण-क्रमांक देते. १९९४ साली लू मॉन्टुली यांनी तो ब्राउझरात जपणारी 'कुकी' काढली. तरी पुष्कळ ठिकाणी तो पत्त्यालाच, 'जेसेशनआयडी' अशा नावाने, चिकटवला जाई.

समजा, अंबाजोगाईच्या एखाद्या केंद्रात कोणी रब्बीच्या पीकविम्याचा अर्ज भरीत आहे, आणि तसला पत्ता त्याने ऊसतोडीला गेलेल्या भावास व्हॉट्सॲपवर धाडला. तो पुढे गटात फिरला, तर क्रमांक रद्द होईतो कोणीही त्याच्या नावाने आत शिरेल. परवलीचा शब्द गुप्तच, किल्ली मात्र चव्हाट्यावर! आम्ही त्या शेतकऱ्यास दोष देत नाही. पत्ता असतोच मुळी सांगण्यासाठी. क्रमांक कुकीत ठेवणे, प्रवेश होताच तो बदलणे, हे काम संकेतस्थळ बांधणाराचे.