बघून काढलेला किल्ला

मी पुण्यातल्या कर्वेनगरातून बोलतेय. या भागाचं जुनं नाव हिंगणे. धोंडो केशव कर्व्यांनी १९०० साली आपला विधवांचा आश्रम इथे आणला. कर्वे मूळचे दापोली तालुक्यातल्या मुरूडचे. त्या मुरूडजवळचं हर्णै हे माझं माहेर. तिथे समुद्रात सुवर्णदुर्ग आहे आणि किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड, गोवा किल्ला.

पन्नाशीनंतर मी चित्रं काढायला लागले. पहिलं काढलं सुवर्णदुर्गाचं. उंच बुरूज, मोठा दरवाजा, वर झेंडा. आईला दाखवलं. तिची हयात मासळीच्या लिलावात गेली, सहीपलीकडे तिने कधी काही लिहिलं नव्हतं. ती म्हणाली, "हा तू ऐकलेला किल्ला काढलायस. बंदरावरून असा कुठे दिसतो? जा, बघून ये."

गेले. खरंच, किल्ला म्हणजे पाण्यावरची एक बुटकी, लांबट पट्टी. पायरीवरचं कासव, भिंतीवरचा मारुती जवळ गेल्यावर दिसतात. किनाऱ्यावरून दिसत नाहीत, म्हणून ते काढायचे नाहीत.

आता कसं काढायचं ते सांगते. आधी पाणी आणि आभाळ मिळतं ती रेघ आडवी, सरळ ओढा. मग हात ताठ करा, एक डोळा मिटा आणि पेन्सिलीवर अंगठा सरकवून किल्ल्याची लांबी मोजा. उंची त्याच्या किती पट कमी, तेही तसंच मोजा. किल्ल्याचा पाया त्या रेघेच्या किंचित खाली येतो, तट वर निघतो. लांबचं फिकट ठेवा, जवळचे खडक आणि होड्या दाबून काळ्या करा. उन्हात चमकणारं पाणी काढूच नका, कागद कोरा सोडा.

मुलांच्या दप्तरातली पेन्सिल आणि गटाच्या जुन्या वहीचं मागचं पान पुरतं. गावाला समुद्र नसेल तर वेस काढा, पडकी गढी काढा.

दुसरं चित्र आईने बराच वेळ पाहिलं. मग माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि खालच्या कोपऱ्यात वाकड्यातिकड्या तीन होड्या काढल्या. म्हणाली, "आपल्या इथे लागायच्या."

आई आता नाही. ते चित्र माझ्या स्वयंपाकघरात लावलंय. तुमच्या घरातल्या म्हातारीलाही एकदा पेन्सिल देऊन बघा.