जुन्या आवृत्तीकडे जाताना

लिहिलेले खोडून नवे लिहावे आणि मागाहून खोडलेलेच बरे होते असे वाटावे, हा अनुभव लिहिणाऱ्या प्रत्येकाच्या परिचयाचा आहे. हस्तलिखितात खाडाखोड तरी साक्षीला उरते. संगणकावर जुना मजकूर नव्याखाली नाहीसा होतो. आज्ञावली लिहिणाऱ्याला तर हे विशेष जाचक, कारण तेथे एका चिन्हाच्या फरकाने काल चालणारे काम आज अडते.

या अडचणीवर १९७२ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकाइंड यांनी उपाय योजला. आवृत्त्यांमधील फरक तेवढे एका फाइलीत नोंदावयाचे आणि मागितलेली आवृत्ती त्यांतून पुन्हा उभी करावयाची, ही त्यांची रीत. पुढे पर्ड्यू विद्यापीठात वॉल्टर टिची यांनी सर्वांत नवी प्रत सबंध ठेवली आणि मागे नेणारे फरक जपले. बहुतेकांना ताजी प्रतच हवी असते. फार जुनी मागणाऱ्याने किंचित थांबावे, हा त्यातील व्यवहार. २००५ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सच्या कामासाठी ‘गिट’ निर्माण केले. त्यात प्रत्येक नोंद ही त्या वेळच्या सर्व फाइलींचे जणू छायाचित्रच असते.

जुनी नोंद कामाच्या जागी मांडण्याला ‘चेकआउट’ म्हणतात. त्यामुळे पुढील नोंदी नष्ट होत नाहीत. भांडारात त्या जशाच्या तशा राहतात. या सोयीचा लाभ मोठा आहे. १०२४ नोंदींपैकी कोणत्या नोंदीत दोष शिरला हे शोधावयाचे असेल, तर मधली नोंद काढून तपासावी, निम्मा भाग वगळावा, पुन्हा मधली काढावी. अशा अवघ्या १० तपासण्यांत दोषाचा उगम सापडतो.

मात्र येथे दोन ठिकाणी सावधगिरी हवी. एकच फाइल जुन्या रूपात आणली, तर तिच्यातील अद्याप न नोंदलेले बदल विचारपूस न होता पुसले जातात. दुसरे असे की, जुन्या नोंदीवर उभे राहून नवे काम केले, तर ते कोणत्याच शाखेचे राहत नाही. मूळ शाखेकडे परतताच ते दृष्टीआड होते, आणि नेहमीच्या व्यवस्थेत सुमारे ३० दिवसांनंतर साफसफाईत नाहीसेही होऊ शकते. म्हणून तेथे काम करावयाचे तर आधी नव्या शाखेला नाव द्यावे.

जुने पाहणे वेगळे आणि जुने पुन्हा लागू करणे वेगळे. सहकाऱ्यांच्या हाती गेलेला बदल चुकीचा ठरला, तर तो इतिहासातून उपटून काढू नये. त्याच्या उलट परिणामाची नवी नोंद करावी. जमाखर्चाच्या वहीतही चुकलेली रक्कम खरवडून काढीत नाहीत, उलट नोंद करतात. त्यामुळे हिशेब शुद्ध होतो, आणि चूक कोठे झाली होती हे पुढच्या कारकुनालाही वाचता येते.