सांडपाण्याची परीक्षा माशांच्या साक्षीने



धाराशिव जिल्ह्यातील तेरणा, बोरी यांसारख्या नद्यांचे पात्र पावसाळा सरला की आटू लागते आणि उसाचा गळीत हंगाम नेमका त्यानंतर सुरू होतो. त्या दिवसांत पात्रात सांडपाणी आलेच, तर त्याची तीव्रता कमी करण्याइतके पाणी नदीत नसते. तेव्हा ते सांडपाणी जसेच्या तसे जलचरांना सोसवेल काय, हा येथील खरा प्रश्न होय.

रासायनिक तपासणी आकडे देते. परंतु ज्या द्रव्याचा शोधच घेतला नाही, त्याचा आकडा अहवालात कोठून येणार? मासा मात्र सर्व द्रव्यांचा एकत्रित परिणाम भोगतो. जैविक चाचणीचे मर्म हेच.

पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ मधील सर्वसाधारण मानकांनुसार पाणी न मिसळलेल्या सांडपाण्यात ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जिवंत असले पाहिजेत. शेजारी स्वच्छ पाण्यातही तितकेच मासे ठेवतात. तेथेच ते दगावू लागले, तर चाचणी बाद ठरते. विषारीपणाची मात्रा काढण्यासाठी सांडपाणी निरनिराळ्या प्रमाणांत पातळ करून निम्मे मासे कोणत्या प्रमाणात मरतात, ते पाहतात. हा आकडा जितका लहान, तितके पाणी अधिक विषारी. अहवाल वाचताना येथेच अनेकांची गफलत होते! या कामी वापरला जाणारा झेब्राफिश हा निळ्या पट्ट्यांचा चिमुकला मासा मूळचा भारतीय उपखंडातलाच. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले.

तथापि नदीत मासे तरंगले म्हणजे विषच होते, असे मानणे घाईचे ठरेल. साखरेचा अंश असलेले सांडपाणी कुजताना जिवाणू पाण्यात विरघळलेला प्राणवायू संपवितात व मासे गुदमरतात. प्रयोगशाळेत प्राणवायू पुरेसा राखला जात असल्याने तेच पाणी तेथे उत्तीर्णही होऊ शकते. म्हणून साखर कारखान्यांच्या मानकांत जैवरासायनिक प्राणवायू मागणीला महत्त्व आहे. नदीनाल्यात सोडावयाच्या पाण्यात ती लिटरमागे ३० मिलिग्रॅमहून अधिक असता कामा नये.

जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ अन्वये न्यायालयात ग्राह्य ठरणारा नमुना महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्यानेच विहित पद्धतीने घ्यावा लागतो. तो थंड ठेवून त्वरेने प्रयोगशाळेत पोहोचविणे अगत्याचे, कारण बाटलीतही कुजणे चालूच राहते. मासे मेलेले दिसताच पंचायत सदस्याने ठिकाण, दिवस व वेळ नोंदवून त्याच दिवशी मंडळास कळवावे. चार दिवसांनी अधिकारी आले, तर ते पाणी केव्हाच पुढे वाहून गेलेले असते.