वारसा रोगाचा कीं धोक्याचा?



सन १८९५ मधील गोष्ट आहे. अमेरिकेंतील मिशिगन विद्यापीठांत विकृतिशास्त्र शिकविणारे डॉ. आल्ड्रेड वॉर्थिन यांना शिवणकाम करणाऱ्या एका बाईनें सांगितलें कीं, माझ्या घराण्यांतील पुष्कळ माणसें पोटाच्या, आंतड्याच्या नाहींतर गर्भाशयाच्या कर्करोगानें गेलीं; मलाही तोच रोग नेणार. त्या वेळीं तिची प्रकृति चांगली होती. पुढें तिचें भाकीत खरें ठरलें. वॉर्थिन यांनीं तिच्या घराण्याची वंशावळ जमविली व १९१३ सालीं ती प्रसिद्ध केली. जवळजवळ एका शतकानंतर शास्त्रज्ञांना त्याच घराण्यांत एमएसएच-२ नांवाच्या जनुकांतील दोष सांपडला.

हें जनुक करतें तरी काय? पेशी विभागते तेव्हां तिला आपल्या आनुवंशिक मजकुराची नक्कल करावी लागते. एवढा मोठा मजकूर उतरून काढतांना चुका व्हावयाच्याच. छापखान्यांतील मुद्रितशोधकाप्रमाणें त्या हेरून दुरुस्त करविणें हें या जनुकाचें काम. प्रत्येकाजवळ त्याच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली व एक बापाकडून. जन्मतःच एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरी काम निभावून नेते. पुढें केव्हां तरी एखाद्या पेशींत ती दुसरीही बिघडली कीं चुका सांचत जातात, आणि त्यांतून कर्करोग उद्भवूं शकतो. दोन आघातांची ही उपपत्ति आल्फ्रेड नूडसन यांनीं १९७१ सालीं, लहान मुलांच्या डोळ्यांत होणाऱ्या एका कर्करोगाच्या अभ्यासावरून मांडली. तात्पर्य, वारशानें येतो तो रोग नव्हे. पहाऱ्यांतील उणीव तेवढी येते.

याविषयीं दोन गैरसमज फार आढळतात. घरांत एकाला कर्करोग झाला कीं सर्वांना होणार, हा पहिला. वस्तुतः १०० कर्करोगांपैकीं सुमारें ५ ते १० च अशा वारशामुळें होतात. आणि आईचा वा बापाचा असा दोष प्रत्येक अपत्यांत उतरण्याचा संभव निम्माच असतो. दुसरा समज असा कीं, स्तनाच्या कर्करोगाचा वारसा मुलीला आईच्या माहेराकडूनच येतो. मेरी-क्लेअर किंग यांनीं १९९० सालीं ज्याचा ठाव १७ व्या गुणसूत्रावर दाखविला, तें बीआरसीए-१ जनुक सदोष असलेल्या १०० स्त्रियांपैकीं ६० हून अधिक जणींना जन्मभरांत हा रोग होतो. पण तो दोष पित्याकडूनही येतो. म्हणून आत्यांची चौकशी मावश्यांइतकीच अगत्यानें केली पाहिजे.

आपल्या घरांतून नेमकें येथेंच घोडें पेंड खातें. मुलींचीं लग्नें अडतील या भयानें आत्या कशानें वारली हें दाराआड राहतें, आणि ज्या भाचीला तें कळावयास हवें तिलाच तें कळत नाहीं. कोणत्या नातलगाला, कोणत्या अवयवाचा, कितव्या वर्षीं कर्करोग झाला, एवढें टिपण घरांत असलें तरी जनुकांची तपासणी हवी कीं नको हें डॉक्टरांना ठरवितां येतें. ती शक्यतों रोग झालेल्या माणसापासून सुरू करावी व आधीं जाणकाराचा सल्ला घ्यावा. मिशिगनच्या त्या घराण्यासारखा दोष आढळल्यास मोठ्या आंतड्याची दुर्बिणीनें दर एक-दोन वर्षांनीं पाहणी करतात, आणि तेथें उगवलेले मांसांकुर कर्करोग होण्यापूर्वींच काढून टाकतात.

त्या बाईला असा उपाय लाभला नाहीं. आज तो आहे. मात्र त्याची सुरुवात घरांतील वडीलधाऱ्यांनीं मोकळेपणानें बोलण्यापासून झाली पाहिजे.