डॅन टर्नरची बोली

लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या हलक्या कागदावर छापल्या जाणाऱ्या अमेरिकन कथामासिकांना ‘पल्प’ हे नाव पडले. अशाच ‘स्पायसी डिटेक्टिव्ह’ या मासिकात १९३४ साली रॉबर्ट लेस्ली बेलेम यांचा डॅन टर्नर अवतरला. हा हॉलिवुडमधील खासगी गुप्तहेर. चित्रसृष्टीतील खुनांचा तो छडा लावतो. कथानके साचेबंद, परंतु भाषा खास त्याची. पिस्तुलाला तो ‘रॉस्को’ म्हणतो, आणि हे रॉस्को चक्क बोलते! एस. जे. पेरेलमन यांनी १९३८ साली ‘न्यूयॉर्कर’मध्ये या शैलीची थट्टा केली, तेव्हा लेखाच्या शीर्षकातही रॉस्को आले. पुढे १९४२ साली टर्नरच्या नावाचे स्वतंत्र मासिकच निघाले.

अनुवादकाची कसोटी येथेच लागते. ‘पिस्तूल’ लिहिले तर अर्थ पोहोचतो, पण टर्नर हरवतो. मुंबईच्या गुन्हेगारी बोलीतला ‘घोडा’ हा शब्द वापरला तर रग टिकते, पण हॉलिवुडच्या जागी मुंबई उभी राहते. मला विचाराल तर ‘रॉस्को’ तसेच ठेवावे. ते एकदा कडाडले की वाचकाला अर्थ विचारावा लागत नाही.