नावेतला दुसरा माणूस



अंजनगावात उभे राहून शिडाच्या नावांविषयी बोलायचे, हे ऐकून कोणाला हसू आले असेल तर मी त्याला दोष देणार नाही. समुद्र येथून शेकडो मैल दूर, आणि आपली शहानूर उन्हाळ्यात कशी दिसते ते तुम्ही जाणताच. पण ३० डिसेंबर १८०३ रोजी याच गावी दौलतराव शिंद्यांचा इंग्रजांशी तह झाला. त्यात गंगा-यमुनेचा दुआब गेला, अहमदनगरचा किल्ला गेला, हे आपण शाळेत घोकतो. भडोचही गेले, आणि भडोच हे बंदर होते, इकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. समुद्र न पाहिलेल्या गावात एक बंदर हातचे गेले. तेव्हा विषय अगदीच परका नाही, एवढे मान्य करा.

शीड, डोलकाठी, सुकाणू, नांगर हे शब्द आपल्या भाषेत जुने आहेत. आंग्र्यांच्या गलबतांवर ते रोजच्या कामाचे होते. पण निव्वळ हौसेने शीड उभारण्याचा खेळ मुंबईत साहेबांनी आणला. तेथील यॉट क्लब १८४६ सालचा. इंग्रजी अमदानीत असल्या क्लबांची दारे हिंदी माणसाला बंद असत. पुढे दारे उघडली. धाक मात्र मनातून गेला नाही. आपली मुले नोकरीसाठी मुंबईस जातात, दहा-दहा वर्षे राहतात, चौपाटीवर भेळ खातात आणि पाण्यावर पाऊल न ठेवता परत येतात. विचारावे तर उत्तर ठरलेले : नाव विकत घेण्याची आमची ऐपत कुठे?

या उत्तरातच सारा गैरसमज आहे. शर्यतीच्या पुष्कळशा लहान नावा दोघांच्या असतात. एक जण मागे बसून सुकाणू आणि मोठे शीड सांभाळतो. दुसरा पुढच्या शिडाची दोरी ओढतो, सैल करतो, आणि नाव कलू लागली की आपले अंग नावेबाहेर झोकून तिचा तोल राखतो. कोणतीही शिडाची नाव वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाऊ शकत नाही. चिखलदऱ्याचा घाट चढावा तशी वळणे घेत तिला पुढे सरकावे लागते, आणि प्रत्येक वळणाला दोघांनी एकाच क्षणी बाजू बदलावी लागते. एक चुकला की दोघेही पाण्यात! १९८२ च्या आशियाई स्पर्धांतील शिडाच्या शर्यती मुंबईस झाल्या. तेथे फायरबॉल जातीच्या नावेत फारुख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी सुवर्णपदक मिळवले. एका नावेला दोन माणसांची नावे आहेत, हे ध्यानात घ्या.

आता ज्याच्यापाशी नाव आहे त्याची अडचण कोणती? रविवारी सकाळी त्याचा जोडीदार येत नाही. कोणाची बदली झालेली असते, कोणाच्या घरी लग्न असते. त्याच्यापाशी नाव आहे, हात नाहीत. तुमच्यापाशी हात आहेत, नाव नाही. ही गाठ घालून देण्यासाठीच तर मंडळ असते. तेव्हा तेथे जाऊन नावेची किंमत विचारू नका. आज कोणाला माणूस कमी आहे काय, एवढेच विचारा.

मात्र पहिल्याच दिवशी कोणी सुकाणू हाती देणार नाही. आपल्या आखाड्यात तरी काय होते? नवा पोरगा आला की आधी त्याला हौदाची माती खणावी लागते, कुस्ती मागाहून. तेथेही नाव ओढून किनाऱ्यावर आणणे, गोड्या पाण्याने धुणे, शीड वाळवून घडी घालणे, गाठी मारायला शिकणे, यातच पहिले काही रविवार जातात. ज्याने हे मुकाट्याने केले त्याला लवकरच कोणीतरी नावाने हाक मारू लागते. मंडळ चांगले की नाही, याची माझी परीक्षा तीच : नवख्याच्या हाती काम देतात, की त्याला नुसते बाकावर बसवून ठेवतात?

कोरड्या मुलखातल्या माणसाला हे जमायचे कसे, अशी शंका येईल. दत्तू भोकनळ हे चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीचे, अवर्षणाच्या भागातले. वडिलांबरोबर विहिरी खणण्याची कामे केलेला हा तरुण सैन्यात गेला, तेथे वल्हे हाती धरले, आणि २०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये उतरला. वल्ह्याची नाव वेगळी, शिडाची वेगळी, हे खरे. पण पाण्याची ओळख दोन्हीकडे एकच. आणि शिडाचेच उदाहरण हवे असेल तर, एका भारतीयाने एकट्याने शिडाच्या नावेतून पृथ्वीप्रदक्षिणा करावी हा ध्यास घेतला तो निवृत्त व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांनी, आणि ते राहत फलटणजवळच्या विंचुर्णीस! त्यासाठी गोव्यात रत्नाकर दांडेकरांनी ‘म्हादेई’ बांधली, आणि दिलीप दोंदे २००९ च्या ऑगस्टात मुंबईहून निघून २०१० च्या मे महिन्यात परतले. ते एकटे गेले खरे. परंतु त्या एकट्यामागे किती हात होते ते पाहा.

एका गोष्टीविषयी मात्र मी कठोर आहे. विहिरीत आणि धरणात मुले बुडाल्याच्या बातम्या आपल्या भागात दर उन्हाळ्यात येतात. म्हणून आधी पोहणे शिका, मुलींनाही शिकवा, आणि जाणत्या माणसाच्या नजरेखाली शिकवा. उत्तम पोहणाऱ्यानेही नावेत तरंगते जाकीट अंगावर चढवूनच बसावे; ज्या मंडळात याची थट्टा होते तेथून सरळ परत फिरावे. शहानूरच्या धरणावर उद्याच शिडे उभारा, असे मी मुळीच म्हणत नाही. ते पाणी आपण पितो.

पावसाळ्यात मुंबईच्या नावा किनाऱ्यावर झाकून ठेवलेल्या असतात. ऑक्टोबरात त्या पुन्हा पाण्यात उतरतात, आणि जोडीदारांची शोधाशोध तेव्हाच सुरू होते. पोहणे शिकायला आपल्याला मधले पाच महिने आहेत.